स्की आणि गरम पाण्याचे झरे एकाच गावात: आईला घेऊन बाड गास्टाइनला जावे का?

अंत्रुजकर (फोंडा)

सर्वांना नमस्कार. आम्ही घरात चार माणसे आहोत: मी, पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि सदुसष्ट वर्षांची आई. मुलगी दोन वर्षांपूर्वी गुलमर्गला चार दिवस स्की शिकली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यातून बर्फ गेलेला नाही. मी आणि पत्नी मात्र या बाबतीत अगदी कोरे आहोत. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि आजवर पायाला चाकेसुद्धा लावलेली नाहीत. आईचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत, रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे, आणि तिला बर्फापेक्षा गरम पाण्याची ओढ अधिक आहे. लहानपणी आजोबांनी तिला राजापूरजवळच्या उन्हाळे गावातील गरम पाण्याच्या कुंडावर नेले होते. पाय आत घालताच चटका बसला म्हणून ती रडली आणि नंतर बाहेर यायलाच तयार होईना, ही आठवण ती आजही नातीला सांगते.

मुलीला स्की आणि आईला गरम पाणी, असे दोन्ही एका ठिकाणी मिळावे म्हणून शोध घेताना ऑस्ट्रियातील बाड गास्टाइनचे नाव पुढे आले. तेथे आठ दिवस राहण्याचा विचार आहे. पैसे पुष्कळ लागणार आहेत आणि असा प्रवास आमच्या घरातून पुन्हा होईलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी जाणकारांना विचारतो आहे. ज्यांना गुडघ्यांमुळे चढउतार जमत नाही त्यांना ते गाव सोयीचे आहे का? या वयात आठवडाभरात आम्ही दोघे थोडेफार स्की करू शकू का, की आम्ही खाली बसून मुलीकडे पाहत राहावे? नाताळच्या सुटीत जावे, की शाळेची परवानगी घेऊन जानेवारीत? आई शिवराक म्हणजे शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचे काय? शेवटचा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो आहे. तेथील पाण्यात रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू असतो असे वाचनात आले. अशा पाण्यात आईला उतरवणे योग्य आहे का?

म्हादईकाठ (वाळपई)

अंत्रुजकरभाई, गास्टाइन खोऱ्यातील एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी लागोपाठ तीन हिवाळे काम केले आहे, त्यामुळे आपला प्रश्न वाचून उत्तर लिहायला लगेच बसलो. सर्वांत आधी मुक्कामाचे सांगतो, कारण पुढचे बरेचसे त्यावरच ठरणार आहे. आई बरोबर असतील तर खोली बाड गास्टाइनमध्ये न घेता त्याच खोऱ्यात थोडे खाली असलेल्या बाड होफगास्टाइनमध्ये घ्यावी.

बाड गास्टाइन सुमारे १,००० मीटर उंचीवर, डोंगराच्या उभ्या अंगावर वसलेले आहे, आणि त्याच्या मधोमध एक धबधबा तीन टप्प्यांत मिळून ३४१ मीटर खाली कोसळतो. आपला दूधसागर सुमारे ३१० मीटरचा. तो घाटात न राहता पणजी शहराच्या मध्यातून, दोन्ही बाजूंच्या पाच-सहा मजली इमारतींच्या मधून कोसळतो आहे अशी कल्पना करा, म्हणजे ते गाव डोळ्यांसमोर येईल. पाहण्यासाठी ते विलक्षण आहे. तसे दुसरे गाव मी पाहिलेले नाही. पण रस्ते वळणे घेत चढतात, पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि रात्री गोठलेले पाणी सकाळी कोणी खडी पसरेपर्यंत काचेसारखे निसरडे असते. गुडघ्यांच्या माणसाला तेथे दररोज दोन वेळा चढउतार करायला लावणे मला बरे वाटत नाही. होफगास्टाइन मात्र खोऱ्याच्या सपाट तळावर आहे. तेथे आल्पेनथेर्मे हे मोठे स्नानगृह आणि श्लोसाल्म डोंगरावर जाणारी गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारे बंद डबे, या दोन्ही गोष्टी गावातून चालत जाण्यासारख्या आहेत. रेल्वे स्थानक तेवढे गावापासून दूर आहे, त्यामुळे हॉटेलला गाडी पाठवण्यास आधीच सांगून ठेवावे.

बाड गास्टाइनला मात्र एक दिवस आईंना जरूर न्या. जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म तेथे वर्षानुवर्षे पाण्यासाठी येत असे, आणि श्लेस्विग व होल्श्टाइन या प्रांतांच्या कारभाराविषयी प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यातील १८६५ सालचा करार तेथील श्ट्राउबिंगर हॉटेलातच झाला. धबधब्याकाठची ती जुनी हॉटेले पुढे अनेक वर्षे बंद पडून होती. श्ट्राउबिंगर २०२३ साली पुन्हा उघडले. फेल्झेनथेर्मे हे तेथील स्नानगृह रेल्वे स्थानकाच्या अगदी समोर आहे, त्यामुळे चढ न चढता तेथे पोहोचता येते.

आता स्कीविषयी. आपले वय आड येत नाही, घाई आड येते. श्लोसाल्म, आंगरताल आणि श्टुब्नरकोगेल हे भाग एकमेकांना लिफ्टने जोडलेले आहेत, पण त्यांवरील बरेच उतार लाल म्हणजे मध्यम अवघड आहेत. नवशिक्यांसाठीचे निळे उतार तुलनेने कमी आहेत. म्हणून आपण दोघांनी आंगरतालच्या सराव-उतारावर स्की शाळेत नाव घालावे. गटाचे वर्ग बहुतेक ठिकाणी रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, तेव्हा शनिवारी पोहोचणे उत्तम. पहिले दोन दिवस स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची टोके लांब ठेवून वेग कसा आवरायचा एवढेच शिकवतात, आणि तेवढे अंगवळणी पडले की भीती निम्मी होते. पाचव्या दिवशी शिक्षकाबरोबर एखादा निळा उतार वरून खालपर्यंत उतरू शकाल, अशी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाही. गास्टाइन ज्या स्की आमाडे संघात आहे त्याचा ७६० किलोमीटर उतारांचा पास पहिल्या दिवशीच विकत घेऊ नका, तो आपल्या उपयोगाचा नाही. सराव-उताराच्या लिफ्टपुरते तिकीट पुरते. मुलीचा पास वेगळा घ्या. तिला ते उतार उपयोगी पडतील.

बुटांविषयी मनापासून सांगतो, कारण येथे माझा स्वतःचा पहिला दिवस वाया गेला. थंडी वाजेल म्हणून मी लोकरीचे दोन-दोन मोजे घातले आणि भाड्याने घेतलेला बूटही एक माप मोठा मागितला. तासाभरात पायाची बोटे बधिर झाली, कारण दोन मोज्यांमुळे रक्त खेळेना. आणि बूट सैल असल्यामुळे मी गुडघा वाकवला तरी स्की वळेना. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवल्यावर ती किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच मुळीच उचलली जाता कामा नये. आत गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा घालावा. भाड्याच्या दुकानात आपले वजन, उंची, वय आणि तयारी खरी सांगावी, कारण पडल्यावर स्की पायातून किती जोराने सुटावी हे त्यावरून पेचकसाने ठरवतात. वजन कमी सांगितले तर ती भलत्या वेळी सुटते आणि स्वतःला तयार खेळाडू म्हटले तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, मग गुडघा पिळवटतो.

येथून निघण्यापूर्वी दीड-दोन महिने पायऱ्या उतरण्याचा सराव करा. चढण्याने दम वाढतो, पण स्कीला लागणारे मांडीचे स्नायू उतरण्याने तयार होतात. पणजीत असाल तेव्हा मळ्यातून मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या यासाठी उत्तम आहेत.

तारखांबाबत माझे मत स्पष्ट आहे: शाळा परवानगी देत असेल तर ६ जानेवारीनंतर जा. नाताळ ते ६ जानेवारी हा तेथील सर्वांत महाग आणि गर्दीचा काळ असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस खालच्या उतारांवर पुरेसा नैसर्गिक बर्फ पडलेला असेलच असे नाही; तेव्हा यंत्राने केलेल्या बर्फावर भागवावे लागते. ६ जानेवारीची सुटी संपली की पाहुणे परततात, दर उतरतात आणि वर्गात मुलेही कमी असतात. फेब्रुवारीत तेथील शाळांना सुटी लागून पुन्हा गर्दी होते. बर्फ कमी असेलच तर खोऱ्याच्या टोकाचे श्पोर्टगास्टाइन उपयोगी पडते, कारण तेथील लिफ्ट २,६८६ मीटरपर्यंत जाते. पण वारा सुटला की तेथील थंडी नवशिक्याला सोसत नाही. तेथे मुलीला शिक्षकाबरोबर पाठवावे.

जेवणाची चिंता करू नका, मात्र एक गोष्ट कळवल्याशिवाय राहू नका. आमच्या स्वयंपाकघरात भाजीच्या सुपाखालीही अनेकदा मांसाच्या हाडांचा रस्सा असे, आणि वाढणाऱ्या माणसाला ते ठाऊकही नसे. त्यामुळे केवळ ‘मांस नको’ असे न सांगता ‘मांस, मासे आणि मांसाचा रस्सा नको’ असे खोली ठरवतानाच लेखी कळवावे. अंडे चालत असेल तर चीज घातलेले लहान पिठाचे गोळे, म्हणजे कासनोकेन, आणि मनुका घालून फाडलेला गोड जाड घावन, म्हणजे कायझरश्मार्न, हे दोन्ही पोटभरीचे आहेत. माझी आई आली होती तेव्हा तिने पहिले दोन दिवस बरोबर आणलेले पोहे भिजवून खाल्ले आणि तिसऱ्या दिवसापासून कायझरश्मार्नवर तिचे मन बसले.

केसरवाल (मडगाव)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे रोज येणाऱ्या दहा माणसांपैकी निदान चारजण गुडघ्यांसाठी येतात, म्हणून आपल्या आईंच्या बाजूने लिहिते.

आधी पाण्याचा लाभ नेमका कशाने होतो ते सांगते. छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की शरीराच्या वजनाचा बहुतेक भार पाणी पेलते आणि पायांवर साधारण एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी वजन उरते. जो गुडघा जमिनीवर दहा पावलांत ठणकतो तो पाण्यात वीस मिनिटे चालू शकतो, आणि ऊब असल्यामुळे आखडलेले स्नायू सैल होतात. त्यामुळे आईंनी कुंडात नुसते बसून राहू नये. कठड्याला धरून पुढे, मागे आणि बाजूला चालावे, एकेक गुडघा हळूहळू वर आणावा. झिजलेली कूर्चा यामुळे भरून येत नाही, पण दुखणे काही काळ कमी होते आणि रात्री झोप चांगली लागते.

जपण्याची गोष्ट रक्तदाबाची आहे. गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. त्यात सकाळची गोळी पोटात असते. आत असेपर्यंत काही कळत नाही. पायऱ्या चढून बाहेर येताना पाण्याचा आधार एकदम सुटतो, आणि घेरी येते ती त्याच क्षणी. म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच थांबावे, बाहेर येण्यापूर्वी पायरीवर मिनिटभर बसावे, कठडा धरूनच उठावे, नंतर अर्धा तास आडवे पडावे आणि पाणी प्यावे. जेवल्याबरोबर उतरू नये. त्यांना मधुमेह असेल आणि तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर पाण्याच्या तापमानाचा अंदाज त्यांच्या पायावर सोडू नका, आपण स्वतः घ्या. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ विचारून घ्यावी.

रेडॉनविषयीची आपली काळजी रास्त आहे. खडकातील रेडियमचा ऱ्हास होताना हा वायू तयार होतो आणि पाण्यात विरघळतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याचे प्रमाण निम्मे होते. घराच्या बंद हवेत वर्षानुवर्षे साठून राहणारा रेडॉन फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण ठरतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला धूम्रपानानंतरचे एक प्रमुख कारण मानले आहे. दुसऱ्या बाजूला, गास्टाइन खोऱ्यात हाच वायू अल्प मात्रेत उपचार म्हणून देतात. ब्योक्श्टाइन येथे १९४० च्या दशकात सोन्याच्या शोधात खणलेला बोगदा आज उपचारासाठी वापरला जातो. आत तापमान सुमारे ३७ ते ४१.५ अंश असते, हवा दमट असते आणि तिच्यात रेडॉन असतो. मणका जखडणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना तेथील उपचारांनी आराम पडल्याचे अभ्यास आहेत. पण त्या बोगद्यात जाण्यापूर्वी तेथील डॉक्टरांची तपासणी सक्तीची असते, आणि ते योग्यच आहे. माझे स्वतःचे मत असे आहे की झिजलेल्या गुडघ्यांसाठी आणि आठ दिवसांच्या सहलीसाठी त्या बोगद्यात जाण्याचे कारण नाही, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला त्या उष्णतेत बसवू तर मुळीच नये. सार्वजनिक स्नानगृहातील कुंडात दिवसातून अर्धा तास घालवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी मी माझ्या आईला निःशंकपणे नेईन. गरोदर स्त्रीला मात्र नेणार नाही.

आपल्या तिघांसाठीही एक सूचना आहे. स्की करताना गुडघा किंवा घोटा मुरगळला आणि सूज आली, तर ‘गरम पाण्यात बसलो की बरे वाटेल’ असे कोणी सांगितले तरी पहिले दोन दिवस गरम पाणी टाळा. ताज्या दुखापतीवर ऊब दिली की सूज वाढते. तेथे थंडावा, पट्टी आणि पाय उंचावर ठेवणे हेच करायचे. दिवसभराच्या श्रमाने मांड्या भरून आल्या असतील तर मात्र संध्याकाळी कुंडात बसण्यासारखे सुख नाही.

कुटुंब म्हणून जात आहात, म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगून ठेवते. कुंडांमध्ये पोहण्याचा पोशाख सक्तीचा असतो, पण ऑस्ट्रियातील सौना विभागात, म्हणजे घाम काढण्यासाठी तापवलेल्या खोल्यांत, स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र बसतात. तेथे तोच शिष्टाचार मानला जातो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. दोन्ही विभागांची दारे वेगळी असतात आणि बाहेर पाटी असते. आईंना आणि मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणी संकोचून परत फिरणार नाही. आईंसाठी गुडघ्याखालपर्यंत येणारा, पोहण्याच्याच कापडाचा पोशाख घ्यावा आणि तो चालेल का हे स्नानगृहाला आधी लिहून विचारावे. सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत.

बार्देशची लेक (म्हापसा)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. आणखी दोन गावांचा विचार करून पाहावा, असे सुचवते.

सासू-सासऱ्यांबरोबर आम्ही स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातील लॉयकरबाडला गेलो होतो. ते गाव सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेले आहे, आणि तेथील झऱ्याचे पाणी ५१ अंशांपर्यंत गरम असते. उघड्यावरच्या कुंडात मानेपर्यंत बुडून बसले होते तेव्हा बर्फ पडत होता. माझ्या ओल्या केसांची टोके गोठून काड्यांसारखी ताठ झाली आणि सासूबाई ती बोटांनी मोडून पाहत होत्या. निव्वळ पाण्यासाठी जायचे असेल तर मी पुन्हा तेथेच जाईन. पण तेथील टोरेंट हा स्कीचा भाग लहान आहे, आपल्या मुलीला तो तीन दिवसांत संपेल, आणि सगळा खर्च फ्रँकमध्ये होतो, जो युरोपेक्षा अंगावर येतो.

इटलीतील बोर्मिओ मुलीला सर्वाधिक आवडेल. तेथील स्टेल्विओ उतारावर २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या अल्पाइन शर्यती झाल्या, आणि जुने स्नानगृह डोंगराच्या पोटात आहे. मात्र तेथे पोहोचायला तिरानोपर्यंत रेल्वे आणि पुढे बस असा प्रवास आहे, जो आईंना लांबचा होईल. इटलीत उतारावर सर्वांना हेल्मेट आणि दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, हेही ध्यानात ठेवावे. सर्व बाजूंनी विचार करता आपल्यासाठी होफगास्टाइनच योग्य वाटते.

शेंगेन व्हिसासाठी मोठ्या माणसामागे ९० युरो शुल्क आहे आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण केवळ व्हिसासाठी काढलेल्या विम्यात स्कीचा समावेश अनेकदा नसतो. आमच्या गटातील एकाचा खांदा निखळला तेव्हा उतारावरून खाली आणण्याचा खर्च विमा कंपनीने नाकारला, कारण हिवाळी खेळांचे कलम त्यात घेतलेलेच नव्हते. पॉलिसीत ‘स्की’ आणि ‘हेलिकॉप्टरने सुटका’ हे दोन्ही शब्द आपल्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

अंत्रुजकर (फोंडा)

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री आईला सर्व उत्तरे वाचून दाखवली. पाण्यात चालण्याचे व्यायाम तिने दोनदा वाचायला लावले. बोगद्याचा विचार आम्ही सोडला आहे. मुक्काम होफगास्टाइनला आणि तारखा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील, असे ठरले. मुलीच्या शाळेत उद्या अर्ज देतो. एकच शंका उरली आहे. आम्ही दोघे सकाळी वर्गात आणि मुलगी वरच्या उतारांवर असताना आई एकटी काय करील? तिला नुसते खोलीत बसवून ठेवणे मला पटत नाही.

म्हादईकाठ (वाळपई)

अंत्रुजकरभाई, त्यांना आपल्याबरोबर वर न्या. गोंडोलामध्ये बसायला स्की लागत नाही, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळे तिकीट मिळते, आणि डबा जमिनीशी समपातळीत हळू होतो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही; चढताना थांबवायला सांगितले तर कर्मचारी तो आणखी हळू करतात. श्लोसाल्मला वरच्या स्थानकाजवळ उपाहारगृह आहे. दुपारी एकच्या सुमारास सर्वांनी तेथे भेटायचे ठरवा. सूर्य असेल त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मांडीवर घोंगडी घेऊन माणसे तासन्‌तास बसलेली असतात. बर्फावरून परतणारे ऊन डोळ्यांना फार लागते, म्हणून आईंना गडद चष्मा आणि ओठांना मलम द्यायला विसरू नका. बुटांना खालून अडकवायचे काटेरी रबरी पट्टे तेथील दुकानांत मिळतात. पहिल्याच दिवशी त्यांच्यासाठी एक जोडी घ्या आणि गावात फिरताना ते काढू देऊ नका. सकाळी कुंडात गर्दी कमी असते, तेव्हा आपला वर्ग ज्या दिवशी दुपारी असेल त्या दिवशी पत्नीने त्यांच्याबरोबर पाण्यात जावे. पहिल्या वेळी त्यांना एकटे उतरू देऊ नये.